पिवळीचा अर्धा वाटा

प्रत्येक मेलेल्या कोरलमागं एक किस्सा उरतो. माझ्या टाकीत आज एकही कोरल नाही, यावरून माझ्याकडं किस्से किती असतील याचा अंदाज करा! चार शौकीन माणसं दर आठवड्याला चहाला बसली की किस्से साठणारच. आमचे जरा जास्तच साठले, कारण आमच्या हातून कोरलही तेवढेच मेले.

आधी शौक काय ते सांगतो. घरात काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी आणि त्यात जिवंत कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ. समुद्र कुठं आणि छत्रपती संभाजीनगर कुठं! जिथं नळाला गोडं पाणी आठ-आठ दिवस येत नाही, तिथं आम्ही घरात समुद्र सांभाळायला निघालो होतो. ग्रुपचं नाव ‘खारं पाणी’. मेंबर चार. बजाजनगरचे वाघमोडे, कंपनीत जन्मभर मीटर आणि थर्मामीटर तपासून रिटायर झालेले. एक दातांचे डॉक्टर. अ‍ॅक्वेरियमचं दुकान चालवणारे सलीमभाई. आणि पुंडलिकनगरचा मी. कोणाचाही कोरल आजारी पडला की चौघं मिळून कारण शोधायचो. कारण नेहमी सापडायचं. तोवर कोरल गेलेला असायचा.

*

वाघमोडेंकडं एक कोरल होता, पिवळी. खाली दगडासारखा दांडा, वर पाण्यात डोलणारे बोटभर गोंडे आणि त्यांची टोकं हळदीसारखी. वाढेल तसे दांड्याला फाटे फुटायचे, एका डोक्याची दोन व्हायची. त्यांची मुलगी शीतल अकरावीत असताना बाप-लेकीनं मिळून ती टाकी लावली. पिवळी हे नाव शीतलनंच ठेवलं.

वाघमोडे मूळचे पाचोडकडचे, घराणं मेंढरांचं. पिवळी वाढली तेव्हा त्यांनी आम्हा तिघांना एकेक डोकं तोडून दिलं.

मी म्हणालो, “गिफ्ट का?”

“गिफ्ट नाय. अर्धलीनं देतोय.”

त्यांच्या गावाकडं शेळी अशीच दुसऱ्याला पाळायला देतात. होतील त्या पिल्लांतली निम्मी पाळणाऱ्याची, निम्मी मालकाची. “तुमच्याकडं एकाची दोन झाली की एक माझं,” ते म्हणाले. “माझ्याकडं काही बिघडलं तर मागीन.”

डॉक्टरांनी विचारलं, “आणि मेलं तर?”

“शेळी मेली तर कातडं दाखवावं लागतं, डॉक्टर!”

आम्ही सगळे मोठ्यानं हसलो.

*

पहिला मान माझा. कोरलला नळाचं पाणी चालत नाही, आरओचं लागतं आणि त्यात मोजून मीठ घालायचं. आमचं आरओ एक बादली चांगलं पाणी द्यायला तीन बादल्या फेकायचं. माझी बायको संगीता ते फेकलेलं पाणी कपड्यांना वापरायची आणि मला ऐकवायची, “शेजारच्या काकू एका हंड्यासाठी टँकरमागं पळत्यात, अन् तुमच्या किड्यांना आरओ!” तिचं खरं होतं.

एका रविवारी मी टाकीतलं निम्मं पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी पिवळीनं सगळे गोंडे आत ओढून घेतले. मी लाइट तपासला, पंप तपासला, मीठ तीनदा मोजलं. चौथ्या दिवशी अक्कल आली आणि बादलीतलंच पाणी तपासलं. ते बोअरचं निघालं!

“पाहुणे माझ्या माहेरचे होते,” संगीता शांतपणे म्हणाली. “चहाला तुमचं आरओ घेतलं अन् बादली बोअरनं भरून ठेवली. एक दिवस बोअरचं पिलं तर काय मरत्यात का तुमचे किडे?”

मेले की!

वाघमोडेंना सांगायचं मी उद्यावर ढकललं. तो उद्या काही आला नाही.

*

डॉक्टरांची पिवळी नुसती फिकट पडली होती. आमच्या शौकात एक नियम पोरंसोरंही सांगतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग आठ दिवस हात बांधून बसायचं. डॉक्टरांच्या घरी तपासण्यांच्या बाटल्यांची फळी भरलेली, प्रत्येक आकडा वहीत, आणि हात काही बांधता येईनात. एका दुपारी त्यांनी लाइट वाढवला, पंपाची जागा बदलली, नवं मीठ आणलं, कॅल्शियम ओतलं आणि वरून आयोडीनचे थेंब टाकले.

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. “डॉक्टरसाब, मरीज के सब दाँत एकदम निकालते क्या तुम?”

“पेशंट ओरडतो ना!” डॉक्टर म्हणाले. “हे ओरडत नाही.”

आठवड्यात गेली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना चहा पाजला आणि सांगितलं, “वाघमोडेंना बोलू नका.” मी मोठ्या मनानं कबूल झालो.

*

सलीमभाईंच्या दुकानातल्या टाकीत डाव्या कोपऱ्यात थर्मामीटर चिकटवलेला आहे, उलटा. आकडे वाचायचे तर मान वाकडी करावी लागते. वाघमोडेंच्या डोळ्याला ते सहन व्हायचं नाही. दर वेळी आले की बाही वर करून टाकीत हात घालायचे आणि तो सरळ करून जायचे. पुढच्या वेळी तो पुन्हा उलटा!

“सलीमभाई, अहो, हा सरळ का नाय ठेवत?”

“उल्टा है तो क्या हुआ मियाँ, पानी तो सीधाच है ना!”

गंमत अशी, की पिवळी सगळ्यात छान वाढली ती याच टाकीत. आकडे ज्यानं कधी वाचले नाहीत त्याच्याकडं! एकाची तीन डोकी झाली. आम्हा आकडेवाल्यांना ते बघून आनंद व्हायला हवा होता. मला तर जळल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू?

*

वाघमोडे महिन्या-दोन महिन्यांनी ग्रुपवर विचारायचे, “वाटा कसाय माझा?”

आता यात माझं शौर्य ऐका. मी दुकानात गेलो, सलीमभाईंच्या टाकीतल्या पिवळीचा फोटो काढला आणि ‘मस्त वाढतीय!’ म्हणून ग्रुपवर टाकला. डाव्या कोपऱ्यात उलट्या थर्मामीटरचं टोक आलं होतं, हे टाकल्यावर दिसलं. वाघमोडेंनी अंगठा दाखवला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तीच पिवळी दुसऱ्या बाजूनं काढून टाकली. त्यांनाही अंगठा मिळाला.

त्या फोटोंचं वाघमोडेंना काय कौतुक! माझा फोटो त्यांनी शीतलला पाठवला. ‘बघ, आपली पिवळी गावभर पसरली.’ हे त्यांनी मला आनंदानं सांगितलं आणि मला तोंड कुठं लपवावं कळेना.

कारण शीतलचं प्रकरण आम्हाला माहीत होतं. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि नाशिकला गेली. वाघमोडे लग्नाला गेले नाहीत. आई तिची लहानपणीच वारलेली. निघताना तिनं पिवळीचं एक डोकं बरणीत घालून नेलं. तेव्हापासून चार वर्षं बाप-लेकीचा फोन फक्त रविवारी आणि विषय एकच.

“पिवळी कशीये?”

“बरीये. तुझी?”

“बरीये.”

फोन बंद. दुसरं काही बोलायला दोघांनाही जमत नव्हतं.

*

दुकानातली पिवळी सलीमभाईंनी शेवटी एका बिल्डरला विकली, तिन्ही डोक्यांसकट. मी विचारलं, “अहो, निम्मी वाघमोडेंची ना?” तर म्हणाले, “तुम दोनों का आधा किधर है, पहले वो बताओ.”

बिल्डरच्या घरी वास्तूवाला आला. त्यानं सांगितलं, घरात खारं पाणी म्हणजे घरात भांडण. बिल्डरनं टाकी फेकली नाही, फक्त मीठ बंद केलं आणि गोडं पाणी भरत गेला. महिनाभरात सगळं साफ. सलीमभाई बघायला गेले आणि सहज विचारलं, भांडणं थांबली का?

बिल्डरची बायको आतून म्हणाली, “नाय. आता मेलेल्या माशांवरून होत्यात!”

*

आणि मग शीतल रविवारी फोनवर एक वाक्य जास्तीचं बोलली. “दिवाळीला येते. पोराला पिवळी दाखवायची.”

वाघमोडेंनी हे आम्हाला चारदा सांगितलं. नातवाचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलेलं नव्हतं. टाकी झकास दिसावी म्हणून त्यांनी सलीमभाईंकडून एक नवा जांभळा कोरल नेला आणि त्याच दिवशी टाकीत सोडला. नवा कोरल आधी वेगळ्या टाकीत ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. पण दिवाळी जवळ आली होती. सलीमभाईंनाही माहीत होतं, पण सांगितलं असतं तर तो विकला गेला नसता.

तिसऱ्या दिवशी नव्यावर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी चढलं. चौथ्या दिवशी पिवळीवर.

त्याच आठवड्यात वाघमोडेंचे वडील, आबा, डोळे दाखवायला गावाकडून आले होते. जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी काचेला नाक लावून बघितलं.

“नवं जनावर आणलं व्हतं का?”

“व्हय.”

“अन् तसंच कळपात सोडलं?”

वाघमोडे काच पुसायला लागले.

“मंग इतकी वर्सं कंपनीत काय शिकला रं?”

ज्याला आम्ही चौघांनी चार दिवस घातले असते, ते निदान आबांनी उभ्या उभ्या केलं. पण पिवळीची सगळी डोकी आठवड्याच्या आत गेली.

*

वाघमोडे दुकानात आले. बसले नाहीत. “आता वाटा द्या माझा,” म्हणाले. “एकेकच डोकं. दिवाळीपुरतं टाकीत दिसलं पायजे.”

डॉक्टर म्हणाले, “माझी जरा स्ट्रेसमध्ये आहे हो, आत्ता तोडणं बरं नाही.” सलीमभाई म्हणाले, दुकानातली दुसऱ्या जागी ठेवलीय. मी म्हणालो, “थोडी मोठी होऊ द्या ना.” तेव्हासुद्धा खरं सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते न सांगता पुंडलिकनगरला माझ्या घरी आले. संगीतानं दार उघडून सरळ आत घेतलं. माझ्या टाकीत त्या वेळी कांदे-बटाटे होते. कोरडी टाकी नुसती कशाला अडवायची, म्हणून तिनं वर्षभरापूर्वीच भरली होती. वाघमोडेंनी वाकून टाकीत बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

“बटाट्याला कोंब चांगले आलेत,” ते म्हणाले आणि चहा न घेता निघाले.

*

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दुकानात बसलो होतो. आता वाघमोडे येणार नाहीत असंच वाटत होतं. पण आले, आणि आल्या आल्या फोन पुढं केला.

“शीतलला सांगून टाकलं, माझी पिवळी गेली म्हणून. म्हणलं, तुझ्याकडची हाय का? तर लगेच फोटो पाठवला. बघा, तिच्याकडं तरी जगली.”

आम्ही तिघं फोटोवर वाकलो. तीन डोकी, पिवळीधमक टोकं. डाव्या कोपऱ्यात थर्मामीटरचं टोक, उलटं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीच काढलेला फोटो नाशिकहून परत आला होता.

“तिला म्हणलं, येताना माझा अर्धा वाटा घेऊन ये.”

मी कसंबसं विचारलं, “काय म्हणाली?”

“हो म्हणली.”

सलीमभाई उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः बाही वर केली आणि थर्मामीटर सरळ करायला टाकीत हात घातला.

वाघमोडेंनी त्यांचा हात धरला. “राहू द्या, सलीमभाई. असू द्या तसाच.”