हाताला पाठ असलेलं घर

तर पंखा लावायचा असेल तर दिव्याचं बटण दाबायचं, इथपर्यंत काल सांगून झालं. आता ते बटण कुठं होतं ते ऐका. दिव्याचं बटण होतं दाराच्या पाठीमागे. म्हणजे आधी दार उघडून आत यायचं, मग दार परत लोटायचं आणि अंधारात भिंत चाचपायची. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी आलेला नवा पाहुणा हे सगळं शिकेपर्यंत त्याची निघायची वेळ झालेली असायची.

हा सगळा प्रताप डावखुऱ्याचा. त्याचं आडनाव वेगळंच होतं, पण हातोडी डाव्या हातात धरायचा म्हणून गल्लीनं त्याला डावखुऱ्या करून टाकलं, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. तो सुतार नव्हता, नळवाला नव्हता, वायरमनही नव्हता, आणि गरजेपुरता तिन्ही होता. कुठलंही काम सांगा, मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "होऊन जाईल." व्हायचंही. फक्त त्याच्या हाताला जे सरळ, ते उरलेल्या जगाला उलटं.

अक्काच्या न्हाणीघराची कडी त्यानंच बसवलेली. एकदा माझ्या भाच्याचे, म्हणजे अक्काच्या मुलाचे साहेब घरी आले, हात धुवायला आत गेले आणि बाहेर येईनात. आम्ही सगळे दारापाशी. आतून कडी खडखडतेय, साहेब खाकरताहेत, भाचा घामाघूम. शेवटी अक्का शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्हाला जे बरोबर वाटतंय ना, त्याच्या उलट करा." दार उघडलं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "हे वाक्य माझ्या बायकोला सांगू नका."

हसायची गोष्ट खरी, पण अक्काला कधी त्यात अडचण वाटली नाही. भावोजी लवकर गेले. तिनं शिवणयंत्रावर मुलाला वाढवलं, शिकवलं. त्या काळात पाण्याचा पाइप फुटो नाहीतर यंत्राची मोटर बंद पडो, हाक मारली की डावखुऱ्या हजर. हातचं जेवण टाकून यायचा. अशा माणसाला "तुझं बटण चुकीच्या बाजूला आहे" हे कोण सांगणार? त्यापेक्षा आपला हात वळवून घेणं सोपं. तिनं तो वळवून घेतला.

मग तिचे डोळे गेले. अगदी अंधार नाही झाला. बघेल तिथं मधोमध धूसर डाग आणि कडेकडेचं तेवढं दिसतं, असा तो प्रकार. मी समोर बसलो की म्हणायची, "तुझे दोन्ही कान दिसतात. तोंड दिसत नाही, त्याची काही तक्रार नाही." पण घरात वावरायची अशी की परक्याला कळू नये. चार पावलं टाकली की हात आपोआप उठायचा आणि बरोबर बटणावर पडायचा. चहा करायची, कपडे वाळत घालायची, शेजारणीच्या झग्याला अस्तरसुद्धा लावून द्यायची.

आता मुद्द्यावर येतो. एका दुपारी तिच्याकडे टेकायला म्हणून भिंतीला हात लावला, तर विजेच्या बोर्डाखालची भिंत गरम. ताप आलेल्या पोराचं कपाळ लागावं तशी. वर प्लास्टिक करपल्याचा वास. मी डावखुऱ्याला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, आत जाड वायरीला बारीक वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि ती काळी पडलेली. त्याची त्यानंच कधीकाळी गुंडाळलेली. मान तिरकी करून तो म्हणाला, "तेवढा तुकडा बदलतो. होऊन जाईल."

मी भाच्याला फोन केला. तो दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत राहतो. दुसऱ्याच दिवशी आला आणि उभ्या उभ्याच निकाल दिला.

"आई, एकतर रीतसर परवाना असलेला माणूस आणून घरातली झाडून सगळी वायर बदलायची, नाहीतर माझ्याकडे राहायला यायचं. मला तिकडे झोप लागत नाही."

"डावखुऱ्या करेल की."

"त्यानंच केलंय हे."

"मग त्यालाच ठाऊक ना कुठं काय केलंय."

"आई, ही नुसती भीड आहे. आणि भीड ही भिकेची बहीण, हे तूच मला शिकवलंस."

"शिकवलं तेव्हा तू ऐकत होतास होय? मला वाटलं, झोपलायस."

भाचा चिडून बाहेर अंगणात गेला. खरं सांगायचं तर मी त्याच्याच बाजूचा होतो. भीड मलाही कळते. माणूस वर्षानुवर्षं दारात येतो, आपल्या सुखदुःखात उभा राहतो, त्याला "आता तू नको" म्हणताना जीभ जड होते. पण गरम भिंतीला भीड कळत नाही. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "अक्का, डावखुऱ्याला वाईट वाटेल म्हणून घर जाळून घेणार आहेस का?"

 ती मांडीवरच्या कापडाची कड बोटांनी दुमडत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "डावखुऱ्याची मी समजूत घालीन रे. मला भीती त्या परवानावाल्याची आहे. तो येईल आणि सगळं सरळ करून जाईल. मग मी हात कुठं लावू? हे घर आता मला डोळ्यांनी दिसत नाही, हाताला पाठ आहे म्हणून दिसतं. सरळ केलेल्या घरात मी आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये मी, दोन्हीकडे आंधळीच."

 आम्ही सगळे डावखुऱ्या की परवानावाला, एवढंच घोळवत बसलो होतो. तिच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. तो मी अंगणात जाऊन भाच्याला सांगितला. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, ती हट्ट करतेय."

परवानावाला आला तो निघाला बाई. तिशीची, पाठीला हत्यारांची पिशवी, बोलणं मोजकं. अक्कानं पहिला प्रश्न टाकला, "परवाना परवाना म्हणतात तो दाखव बघू." बाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं. अक्कानं त्यावरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत आहे. लिहिलंय काय यावर?"

"नाव, नंबर. आणि आजी, त्याचा अर्थ एवढाच की उद्या काही जळलं तर आधी मला धरायचं."

अक्काला हे आवडलं. मला म्हणाली, "बघ, डावखुऱ्याचं काही जळलं तर आपण आपल्या नशिबाला धरतो." मग बाईंकडे वळून, "पोरी, भिंतीतल्या वायरी तुझ्या नियमानं घाल. बटणं मात्र माझ्या हाताच्या नियमानं. जमेल?"

बाईंनी पिशवीतून वही काढली. "तुम्ही घरभर चालून दाखवाल का? रोज चालता तशा."

अक्कानं शिवणाच्या डब्यातला चपटा खडू काढला. जन्मभर त्या खडूनं दुसऱ्यांच्या खांद्यांवर, कमरांवर खुणा केल्या, त्या दिवशी तिनं घराचं माप घेतलं. चालायची, हात उठायचा, जिथं पडेल तिथं रेघ. दाराच्या पाठीमागे एक, पलंगाच्या उशाशी एक. बाई मागोमाग लिहून घेत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "पंखा या बटणावर? बरं. चालेल. नियमात नाही म्हटलेलं नाही. माझ्या मास्तरांनी पाहिलं असतं तर रडले असते, पण चालेल."

स्वयंपाकघरात मात्र त्या थांबल्या. ओट्यावरच्या नळाशेजारी, हाताच्या अंतरावर, डावखुऱ्यानं तिथल्या दिव्याचं बटण बसवलं होतं. "आजी, हे नाही. ओला हात आणि हे बटण, मी सही करणार नाही."

"माझा हात तिथंच जातो."

"म्हणूनच नाही."

भाचा काही बोलायला निघाला होता, मी त्याचा दंड धरला. अक्का नळापाशी उभी राहिली. तिचा हात उठला, बटणावर टेकला, तिथंच राहिला. "बरं," ती म्हणाली, "एक नवं शिकते. एकच हं." आणि दाराच्या चौकटीशी, कोरड्या बाजूला, नवी रेघ ओढली.

डावखुऱ्याला तिनं स्वतः बोलावून सांगितलं. काय बोलली ते मला ठाऊक नाही. त्यानं मान तिरकी केली, "बरोबर आहे" म्हणाला आणि चहा न घेता गेला. मग काम चालू होतं तोवर त्या गल्लीतून गेलाच नाही. लांबच्या रस्त्यानं जायचा.

काम झालं. भिंत गार झाली. भाचा निर्धास्त मनानं आपल्या गावी परतला, अक्का आपल्या घरात राहिली. आणि एका सकाळी मी तिच्याकडे बसलो असताना डावखुऱ्या दारात उभा. पिशवी नव्हती, मोकळे हात पहिल्यांदाच पाहिले त्याचे. अक्कानं पावलांवरून ओळखलं. "ये, आत ये. बघ तुझं घर."

त्यानं घरभर हिंडून एकेक बटण दाबलं. दिव्याच्या बटणानं पंखा फिरला, तसा तो जरा हसला. स्वयंपाकघरात मात्र नळाशेजारच्या भिंतीपाशी खिळून राहिला. बटण काढलेल्या जागी लिंपून रंग दिला होता, नव्या रंगाचा डाग तेवढा दिसत होता. त्यावर त्यानं डावा तळवा ठेवला.

"चांगलं केलंय बाईंनी," तो म्हणाला. "माझ्या हातून असं झालं नसतं." मग तळवा न काढताच, "अक्का, आता माझं या घरात काय काम उरलं?"

अक्का ओट्याशी आली, आणि त्याच्या हाताशेजारी, त्याच डागावर आपला हात ठेवत म्हणाली, "इथं एक खुंटी ठोक, हात पुसायचं फडकं अडकवायला. अजून माझा हात रोज इथंच येतो आणि रिकामा परत जातो, ते बरं नाही दिसत. आणि खुंटीला परवाना लागत नाही, मी त्या पोरीला विचारून ठेवलंय."