गाडी वळायची जागा

आमची थोरली जाऊ केसर, हिला गप्प बसलेली मी उभ्या जन्मात एकदाच पाहिली, आणि त्याला कारण झाली एस.टी.

रेवदंड्याच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. महाराष्ट्र व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा एस.टी. रेवदंड्यापर्यंत यायची आणि तिथून पुढे आमचे आम्ही. सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घ्यायची आणि वाळू तुडवत निघायचं. केसर म्हणायची, "टोपलीनं टाळूवरचे केस खाल्ले माजे. आता गाडी न्हाय आली तर मान पण खाईल." गावात कुठलाही सरकारी माणूस येवो, अगदी देवी टोचणारा का असेना, ती त्याला आधी गाडीचं विचारायची. तो बिचारा सुई हातात धरून बघत राहायचा.

एका माघात तलाठी सांगत आला की मोठे साहेब येणार आहेत. ते सगळ्या किनाऱ्याचा आराखडा करत होते. रस्ता कुठून न्यायचा, धक्का कुठे बांधायचा, माडांच्या वाड्यांना हात न लावता गाडी कुठवर आणायची, असं सगळं त्यात ठरणार होतं. जाता जाता तलाठी एवढंच म्हणाला, "साहेब शाकाहारी आहेत हो. मासळीचा वास त्यांना सोसत नाही."

झालं! केसरनं पदर खोचला.

आमच्या गावाला लागून खळं आहे. खळं म्हणजे शेणानं सारवलेलं सपाट अंगण, पण अख्ख्या गावाचं. तिथे आडव्या बांबूंवर बोंबील लटकतात आणि खाली जवळा पसरलेला असतो. आमच्यात होडी बाप्यांची आणि खळं बायकांचं. पुरुषानं तिथे जाळंसुद्धा टाकायचं नाही, इतका कडक कायदा.

"दारात पाव्हणा आला तर त्याला आधी मोरी दाखवता काय गो?" असं म्हणत केसरनं ऐन हंगामात सगळे बांबू उतरवायला लावले. अर्धवट वाळलेले बोंबील आम्ही घरोघरी माळ्यावर, खाटेखाली, पाळण्याच्या दोरीवर लटकवले. मांजरांची तर दिवाळीच झाली. मग खळं सारवलं, रांगोळी काढली, शाळेतली खुर्ची आणून ठेवली.

साहेब आले, शहाळं प्याले, चौफेर बघून खूश झाले. "वा! गावाला लागून एवढी ऐसपैस मोकळी जागा! साऱ्या किनाऱ्यावर अशी दिसली नाही मला." केसरला इतका आनंद झाला की तिनं त्यांना दुसरं शहाळं प्यायला लावलं.

शिमगा झाला आणि मोजणीची माणसं आली. त्यांनी नेमक्या खळ्यातच खुंट्या ठोकल्या. गाडी गावापर्यंत येणार होती, आणि ती परत वळायची जागा म्हणजे आमचं खळं! त्यांच्या नकाशात वाड्या हिरव्या होत्या, घरं पिवळी होती आणि खळं कोरं पांढरं होतं. साहेबांना तरी दोष कसा द्यायचा? आम्ही दाखवलं तेच त्यांनी काढलं होतं.

चंद्राबाई म्हणजे खळ्यावरची सगळ्यांत वडीलधारी बाई. ती भर पाणवठ्यावर केसरला म्हणाली, "शेण तूच फिरवलंस ना गो? आता बोंबील काय तुज्या कपाळावर सुकवायचं?" त्या दिवसापासून बायकांनी केसरशी बोलणं टाकलं. खळं गेलं तर निम्म्या घरांच्या चुली विझणार, हे तिलाही कळत होतं. ती गप्प झाली. या बाईनं वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं होतं, पण ती बोलेनाशी झाली तेव्हा मला घर खायला उठलं.

एके सकाळी ती म्हणाली, "चल गो, अलिबागला." फडक्यात सुके बोंबील बांधून घेतले आणि साहेबांच्या टेबलावर तिनं ते फडकं सोडलं. साहेबांनी घाईघाईनं नाकाला रुमाल लावला.

"साहेब, वास येतोय ना? ह्योच आमच्या खळ्याचा वास. ती जागा मोकळी न्हाय. तुमी येनार म्हनून आमीच मोकळी केलती."

साहेब हसायला लागले ते थांबेचनात. "अहो बाई, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पाव्हण्याला कसं सांगनार?"

मग मात्र ते गंभीर झाले. आराखडा अजून मुंबईला गेला नव्हता, खुंट्या काढता आल्या असत्या. पण गाडी वळायला कुठेतरी सपाट जागा हवीच, नाहीतर ती रेवदंड्यालाच थांबणार. "दुसरी जागा दाखवता?"

केसरनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं आणि मी तिला जोरात चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही.

"हाय," ती म्हणाली. "आमच्या घरामागं, माडाखाली."

त्या जागेत तिचा नवरा, आमचे शिवदास भावजी, पावसाळ्यात होडी ओढून ठेवायचे. भावजी होते समुद्रावर. परत आले तेव्हा खुंट्या त्यांच्या परसात!

"होडी काय आता तुज्या डोक्यावर ठेवू?" ते गरजले.

"ठेवा की. टोपलीची सवय हाय मना."

खळं वाचलं तरी बायकांचा अबोला सुटला नव्हता, त्यात आता भावजींचीही भर पडली. तोंडानं ती असं बोलली खरी, पण रोज उठून आभाळ बघायची. पावसात किनाऱ्यावर राहिलेली होडी लाटांनी फुटणार, हे कोळ्याच्या पोरीला कुणी सांगायला लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या दारात वीतभर जागा नव्हती.

मृग तोंडावर आला. सगळ्यांच्या होड्या वर चढल्या, आमची तेवढी पाण्याशी राहिली. भावजी तिच्या काठाला हात लावून उभे होते. एवढ्यात वरून चंद्राबाई उतरली, कासोटा घट्ट केलेला, आणि मागे गावातल्या झाडून साऱ्या बायका. तिनं वाकून दोर उचलला.

"खळ्यावर घ्या गो!"

"खळ्यावर? बाप्याची होडी?" भावजी दचकले.

"पावसात खळं रिकामंच असतं. आनी होडी तुमची न्हाय, केसरची हाय. सरका बाजूला!"

बायकांनी होडी ओढली. मी पण ओढली, हाताची सालटं निघाली. केसर ढसाढसा रडत होती आणि रडता रडता ओरडत होती, "उजवीकडं घ्या गो, उजवीकडं! सारवन उखडाल माजं!" इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही रडून घेतलं. होडी खळ्याच्या मधोमध टेकल्यावर चंद्राबाईनं आपल्या घरचे माडाच्या पानांचे विणलेले झाप आणून तिच्यावर घातले.

पुढल्या दिवाळीत गाडी आली आणि माडांखाली ऐटीत वळली. होडी मात्र दर पावसाळ्यात खळ्यावरच राहिली. भावजी रोज तिला बघायला जायचे, आणि कडेलाच थांबून आधी विचारायचे, "येऊ का गो बायांनो?"