उष्टावणाचे मोजे

क्रोशाचं विणकाम मी दहावीच्या सुट्टीत शिकले, धुळ्याला, शेजारी राहणाऱ्या एका शाळेतल्या बाईंकडून. रुमालांच्या कडा झाल्या, टेबलावरचे गोल झाले, दाराचं तोरण झालं आणि मग मला अंगावर घालायच्या वस्तूंचं वेड लागलं. आमच्याकडे ऋतू अंगाला कळतात. पौषात सकाळी नळाखाली हात धरला तर बोटं आखडतात आणि वैशाखात त्याच नळाचं पाणी पोळतं. कोणत्या महिन्यात कोणी काय घालावं, याचा विचार करायला मला भरपूर वाव होता.

वडील सायकलवरून कामावर जायचे. थंडीसाठी मी त्यांना कान झाकणारी लोकरीची टोपी विणली, ती त्यांनी आनंदानं घातली. उन्हाळ्यात मानेवर घ्यायला पांढऱ्या सुती दोऱ्याचा जाळीदार रुमाल केला. जाळीतून वारा लागेल, असा माझा हिशेब. दोन दिवसांनी ते म्हणाले, "वारा लागतो बाई, पण ऊनही लागतं." त्यांच्या मानेवर बारीक बारीक ठिपके उमटले होते. तेव्हापासून मी शहाणी झाले. घरात, सावलीत घालायचं ते जाळीचं. उन्हात न्यायचं ते घट्ट विणीचं. थंडीसाठी जाड लोकर, पण अंगाला लागतं तिथे आतून मऊ कापड. कॉलेजातल्या मैत्रिणी मला विचारून रंग आणि नमुने ठरवू लागल्या आणि आपल्याला यातलं सगळं समजतं असं मला वाटू लागलं.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. भावजी गार्ड होते, तीन दिवस घरी तर चार दिवस बाहेर. अक्काला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली. तिच्या सासूबाई चोपड्याकडच्या खेड्यातून बाळंतपणासाठी आल्या आणि नंतर राहूनच गेल्या. बोलायला कडक, कामाला पक्क्या. मी त्यांना मावशी म्हणायची आणि शक्यतो त्यांच्या वाटेला जायची नाही.

बाळाला सहावा महिना लागला तो ऐन वैशाखात. उष्टावणाची तारीख ठरली आणि अक्काचं पत्र आलं. लोकरीचे कपडे आता चालत नाहीत, घामोळं उठतं, पण पाय झाकलेले हवेत असं सासूबाई म्हणतात, तेव्हा साधे सुती मोजे पाठव. 'साधे' या शब्दाखाली तिनं रेघ मारली होती.

मी साधे केले नाहीत. पांढऱ्या बारीक सुताचे, जाळीचे मोजे विणले आणि दोन्हींवर पुढच्या बाजूला गुलाबी रेशमी दोऱ्यानं पाच पाकळ्यांची फुलं भरली. एका पाकळीवरून दुसरीवर जाताना दोरा आतल्या अंगानं मोकळाच ओढून घेतला. प्रत्येक वेळी दोरा तोडून टोक विणीत लपवायचं तर अख्खा दिवस गेला असता. वरून बघितलं तर मोजा एखाद्या कळीसारखा दिसत होता. मी तो उलटा करून पाहिला नाही.

उष्टावण सकाळी झालं. माझ्या वडिलांनी चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, बाळानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. पाहुण्यांनी मोज्यांचं कौतुक केलं. अक्काच्या एका नणंदेनं तर स्वतःच्या मुलासाठी तसेच मागितले. जेवणं झाली. ऊन फार चढायच्या आत गाडी गाठायची म्हणून पाहुणे निघाले, त्यांच्याबरोबर वडीलही. भावजींना ड्यूटीचा निरोप आला. घरात अक्का, सासूबाई, मी आणि बाळ एवढेच उरलो.

एकच्या सुमाराला बाळ रडायला लागलं. आधी कुणाला काही वाटलं नाही. अक्कानं पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन तोंड बाजूला केलं. वीज गेली होती. बाहेर अशी झळ होती की खिडकीची फळी किलकिली करायचीही सोय नव्हती. खोलीत अंधार करून, दारावर ओला टॉवेल टाकून आम्ही बसलो होतो. अक्कानं तिला खांद्यावर घेतलं, मी पुठ्ठ्यानं वारा घातला. रडणं थांबेना. थोड्या वेळानं ते रडणं राहिलं नाही, ती किंचाळत होती. मध्येच श्वास कोंडायचा, चेहरा काळानिळा व्हायचा, मग पुन्हा किंकाळी.

"खीर बिघडेल व्हती," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगेल व्हतं, दूध सकायनं लेवानं नही."

"दूध चांगलं होतं, आई," अक्का म्हणाली.

"मंग पोर कसाले रडी ऱ्हायनी?"

  पोटाला हिंग लावून झाला, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. मला सासूबाईंचा राग येत होता. सहा वर्षं वाट पाहून झालेलं मूल, ते असं तडफडतंय आणि ही बाई आईलाच टोचतेय. मी न राहवून म्हणाले, "मावशी, खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळाला हातात घेतलं आणि तिचं अंग वरपासून खालपर्यंत चाचपायला सुरुवात केली. पोट, पाठ, कानामागे, काखेत. उजव्या पायाशी हात आला तसं बाळ असं किंचाळलं की मी उठून उभी राहिले.

"मोजा काढ हाऊ," त्या म्हणाल्या.

"मोज्याचं काही नाही हो, सुती आहे," मी म्हणाले. माझे हे शब्द मला अजून ऐकू येतात.

त्यांनी मोजा स्वतःच ओढला. तो सहज निघेना. निघाला तेव्हा कुठेतरी काहीतरी ताणून तुटल्यासारखं झालं. "उजेडमा लय तिले," असं म्हणत त्यांनी बाळ अक्काकडे दिलं आणि स्वतःच दाराचा टॉवेल बाजूला केला. झळ आत आली. उजेडात आम्ही तिघींनी पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट जांभळं पडलं होतं, द्राक्षासारखं टम्म फुगलेलं. बोटाच्या मुळाशी कातडीत पडलेली एक बारीक चीर. चिरेतून बाहेर आलेलं गुलाबी टोक.

 अक्कानं बाळ छातीशी धरलं, पदर डोक्यावर घेतला आणि अनवाणी बाहेर पडली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे धावले. रस्त्यावर माणूस नव्हतं. कोपऱ्यावर झाडाखाली एक टांगा होता, टांगेवाला झोपला होता. त्याला हलवून उठवलं. सासूबाई मागून धापा टाकत आल्या आणि चढल्या. रस्ताभर बाळाच्या पायावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांची सावली धरली होती.

दवाखाना एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता, घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "तिघींनी धरा. अजिबात हलता कामा नये."

अक्कानं डोकं आणि हात धरले, सासूबाईंनी कंबर, मी पाऊल. माझ्या मुठीत ती टाच होती, मऊ आणि तापलेली. डॉक्टरांनी कात्रीचं बारीक टोक त्या चिरेत घातलं. बाळाच्या आवाजानं कान बधिर झाले होते. दोऱ्याचा एक वेढा तुटला. त्याखाली दुसरा होता. तो निघेना. रक्ताचा थेंब आला, डॉक्टरांनी टिपला, पुन्हा भिंग लावलं. माझे हात घामानं निसटत होते आणि मी ते सोडून पुसू शकत नव्हते. शेवटी दुसराही तुटला.

"आता रंग बदलतो का बघायचं," ते म्हणाले. "आणखी उशीर केला असता तर बोट वाचलं नसतं. वाचलंय असंही आत्ताच म्हणत नाही मी."

मग चिमट्यात धरलेला दोरा त्यांनी वर केला. "हा कशाचा?"

अक्काच्या साडीचे काठ गुलाबी होते. सासूबाईंचं लक्ष तिकडे गेलं. "हिना पदरना व्हई," त्या म्हणाल्या. अक्कानं खाली स्वतःच्या पदराकडे पाहिलं. तिला ते खरं वाटलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं.  

"मोज्याचा आहे," मी म्हणाले. "मी विणलेल्या. आत दोरे मोकळे सोडले होते."

डॉक्टरांनी मान हलवली, दोरा कचऱ्यात टाकला. अक्का माझ्याकडे बघत राहिली. 

तासाभरानं बोटाच्या टोकाला लाली आली. बाळ दमून झोपलं होतं. डॉक्टर दर दहा मिनिटांनी येऊन नखावर दाब देऊन बघत आणि आम्ही तिघी बाकावर ओळीनं बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. शेवटी ते म्हणाले, "न्या घरी." तेव्हा पहिल्यांदा सासूबाई रडल्या, आवाज न करता.

बोट वाचलं. मुळाशी पांढरट कडं बरेच महिने राहिलं. अक्का माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी धुळ्याची एसटी धरली. निघताना तिनं डबा दिला, नीट पोच म्हणाली. पण पुढे भाचीसाठी तिनं माझ्याकडे कधी काही विणायला मागितलं नाही. माझ्यासमोर ती बाजारातले स्वेटर मुलीला घालायची.

दीड वर्ष मी सुई हातात घेतली नाही. मग दिवाळीनंतर अक्काकडे गेले असताना सासूबाईंनी करड्या लोकरीचे दोन गुंडे माझ्या पुढ्यात ठेवले. गावाकडे परत जायचं होतं त्यांना, आणि तिकडे केळीच्या बागेजवळ पहाटे गारठा फार.

"माले टोपी इनी दे," त्या म्हणाल्या. "कान झाकाई जाई अशी."

मी त्यांच्या समोर बसून तीन दिवस विणली. एकही फूल नाही, एकही मोकळं टोक नाही. झाल्यावर दिली तर त्यांनी ती घातली नाही. उलटी केली, उजेडाकडे गेल्या आणि आतून एकेक ओळ बोटानं चाचपत राहिल्या. मी उभीच होते. स्वयंपाकघराच्या दारातून अक्काही बघत होती.

बराच वेळ लागला. मग त्यांनी टोपी सुलटी केली, डोक्यावर ओढली आणि कानाशी बंद बांधायला मला खुणेनं जवळ बोलावलं.