कवळ्या करणारे श्यामकांत खांबेटे

श्यामकांत खांबेटे दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि दर रविवारी दुसऱ्या वाढणीला "नको वहिनी" म्हणायचे. त्यांच्या त्या नकोकडे मी कधी लक्ष दिलं नाही. आपल्यात पहिल्या नकोला कोण विचारतं? पाहुण्यानं नको म्हणायचं, आपण वाढायचं, त्यानं हात आडवा धरायचा, आपण बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. आम्ही जर्मनीत, आखनला राहायचो, आणि तांदूळ-हळद मिळवायला मी सीमा ओलांडून हॉलंडमधल्या वाल्सपर्यंत जात असे. एवढं करून आणलेल्या भाताला कोणी नको म्हटलेलं मी ऐकून घेणार नव्हते.

एकसष्ट साली लग्न होऊन मी तिथे गेले. आमचे हे, यशवंतराव, तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करत होते. खांबेटेभावजी यांचे मित्र, पण विद्यापीठातले नव्हेत. ते केसेनिश नावाच्या दंतवैद्याकडे कवळ्या करायचे.

मूळचे सांगलीचे. मुलानं दातांचा डॉक्टर व्हायचं हे त्यांच्या वडिलांनी, दादांनी, ठरवून टाकलेलं. इंटरला मार्क कमी पडले, मुंबईत प्रवेश मिळाला नाही. मग ओळखीपाळखीतून जर्मनीतलं हे काम निघालं, आणि दादांनी मुलाला बोटीवर चढवलं. इथे आल्यावर कळलं की जर्मन लोक आपली इंटर धरतच नाहीत. दंतवैद्यकाला जायचं तर आबिटूर, म्हणजे त्यांची शाळेची शेवटची परीक्षा, द्यायला हवी. तेव्हा दिवसा प्लास्टर आणि मेण, संध्याकाळी नोकरदारांची शाळा. एका बाजूला ट्रामचा कंडक्टर, दुसऱ्या बाजूला बेकरीतला माणूस, मध्ये आमचे भावजी लॅटिनची रूपं घोकत. वर्षानुवर्षं.

माणूस वाईट नव्हता, कंटाळवाणाही नव्हता. विनोद झाला की हसायचे, बरं वाटत नसलं की सांगायचे. पण त्यांना कशानं आनंद झालाय किंवा कशाचा राग आलाय असं मी पाहिलं नाही. यांनी मला एकदा सांगितलं की दादा गेल्याची तार आली त्या संध्याकाळीसुद्धा खांबेटे शाळेत गेला होता. मी भावजींना विचारलं, "अहो, गेलात कसे?" तर म्हणाले, "भूगोलाचा तास होता." मला त्यांची फार कणव आली. वाटलं, एकदा हे दंतवैद्यकाला लागले की मोकळे होतील बिचारे.

बासष्टच्या वसंतात ते आबिटूर पास झाले. आता बॉनला अर्ज करायचा होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्या, आणि त्या साली अर्ज भरमसाट. अशात एका रविवारी वरणभात कालवता कालवता ते सहज म्हणाले, "डॉक्टर विचारत होते. बॉनचे एक प्राध्यापक त्यांच्या वर्गातले. त्यांच्याशी बोलू का म्हणून."

"मग?"

"मी नको म्हटलं. त्यांना कशाला त्रास."

मी हातातला डाव खाली ठेवला. इथल्या नकोचा धडा मी पहिल्याच आठवड्यात घेतला होता. शेजारच्या फ्राऊ टेलेननी केक पुढे केला, मी लाजून नको म्हटलं, आणि बाईंनी ताटली उचलून कपाटात ठेवली. दिवसभर तो केक माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"भावजी, ही सांगली नव्हे. ते परत विचारायचे नाहीत."

"असू दे वहिनी."

"असू दे काय? इतकी वर्षं काय झक मारली?"

"अगं, त्याचं तो बघेल," हे म्हणाले.

"तुम्ही जेवा," मी यांना म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडीवर ओव्हरकोट चढवून मी केसेनिशांच्या दवाखान्यात गेले. माझं जर्मन भाजीपाल्यापुरतं, पण रागात भाषा बरी येते. डॉक्टर उंच, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "हेर खांबेटे नाइन, म्हणजे नको, म्हणाले. त्यांना स्वतःच्या बळावर जायचंय. मला त्याचा आदर वाटला. मी बायकोलाही सांगितलं."

"आमच्यात पहिलं नाइन म्हणजे नाइन नसतं," मी म्हटलं.

त्यांनी यावर बराच विचार केला. मग "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणत उठले आणि मागच्या खोलीतून भावजींना बोलावून आणलं. ते बोटांवरचं प्लास्टर पुसत उभे राहिले.

"हेर खांबेटे, मी पुन्हा विचारतो. बॉनला बोलू का?"

भावजींनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळे वटारलेलेच होते.

"या, बिटे," ते म्हणाले, म्हणजे "हो, कृपा करून." डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन उचलला.

जागा मिळाली. ते कळलं तेव्हा भावजी साच्यात प्लास्टर ओतत होते, आणि प्लास्टर काही थांबत नाही, म्हणून त्यांनी आधी ते काम संपवलं. आम्हाला रविवारी सांगितलं, तेही जेवण झाल्यावर. मी लगेच शिरा केला. "आनंद झाला ना?" मी विचारलं. "व्हायला हवा," ते म्हणाले, आणि शिरा खाल्ला.

ऑक्टोबरात त्यांना गाडीवर पोचवायला मी एकटीच गेले, यांची परीक्षा होती. मी अगदी फुशारकीत होते. म्हटलं, "मी आले नसते तर बसला असतात तिथेच कवळ्या करत."

"हो," ते म्हणाले. "तेच बरं होतं."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते रुळांकडे बघत होते.

"म्हणजे? तुम्ही डॉक्टरांना नको म्हणालात ते..."

"ते खरंच नको होतं, वहिनी. दादांना हवं होतं. दादा गेले, पण शाळा चालू होती, म्हणून जात राहिलो."

"मग दुसऱ्यांदा हो कशाला म्हणालात?"

"तुम्ही दोघं इतक्या आपुलकीनं विचारत होतात," ते म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. राग असता तर मला सोसला असता. गाडी फलाटाला लागली, दारं उघडली. भावजींनी बॅग उचलली.

"मग नका जाऊ," मी म्हटलं.

"नको, निघतो," ते म्हणाले.

आयुष्यभर मी लोकांना तीन-तीनदा आग्रह करत आले. त्या दिवशी एकदाच म्हटलं, आणि ते गाडीत चढले.