तीन नंबरची विहीर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही अशी तिची ठाम समजूत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

जळगावला एका खाजगी सर्वेक्षण कचेरीत मी नोकरीला होतो. गिरणा नदीतला वाळूचा घाट, म्हणजे वाळू उपसायचा पट्टा, लिलावात काढायचा तर काठच्या विहिरींचं पाणी मोजून अहवाल द्यावा लागे. तो मी द्यायचो. भडगावकडच्या एका गावात पाच विहिरी आम्ही नेमल्या होत्या, कठड्यावर नंबर रंगवून. फीत सोडायची, जिथवर ओली झाली तो आकडा लिहायचा. यात कसलं पाप? असं मलाही वाटायचं.

तीन नंबरची विहीर अक्कांची. साठी ओलांडलेल्या, एकटीनं शेती करणाऱ्या, तोंडानं फटकळ. मी गेलो की फीत धरायला स्वतः यायच्या आणि आकडा पाठ करून ठेवायच्या. माझ्या वहीपेक्षा त्यांचं पाठांतर पक्कं होतं, हे मी त्यांना चिडवून म्हणायचोही.

एका उन्हाळ्यात फीत कोरडीच वर आली.

आता काय लिहायचं? आमच्याकडे एक रीत होती — कुणी कागदावर दिलेली नाही, पण सगळे पाळायचे. विहीर आटली तर ‘कोरडी’ लिहायचं नाही, अहवाल परत येतो. शेजारची पाण्याची विहीर मोजायची आणि नंबर जुनाच ठेवायचा. मी पाटाजवळची एक विहीर मोजली. कागदावर तीन नंबरला पाणी उलट चढलं. खाली नेहमीचं वाक्य — ‘या घाटामुळे होणारा परिणाम नगण्य.’ एका घाटाचा असेलही नगण्य. पण वरच्या अंगाला चार घाट, खालच्या अंगाला तीन, दरवर्षी नवे — त्या सगळ्यांची बेरीज कोणत्या अहवालात होती? वाळू गेली की नदीत पाणी मुरत नाही, पूर नुसता वाहून जातो. मला हे कळत नव्हतं का? मी गिरणाकाठीच वाढलोय.

पावसाळा संपल्यावर ग्रामसभा भरली. नवा घाट द्यायचा की नाही, यावर गाव निम्मं-निम्मं झालं होतं. सरपंचांनी मला अहवाल वाचायला लावला. मी वाचला. अक्का उठून उभ्या राहिल्या.

“भाऊ, सांग ना यासले. उन्हायामा मन्ही विहीर कोरडी पडनी का नही?”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. एक ‘हो’ — तेवढाच पुरला असता. मी कागदावर बोट ठेवलं. म्हणालो, “अक्का, तीन नंबरला पाणी होतं. इथं लिहिलंय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बठ्ठा गावले पानी व्हतं, अक्का, तुलेच कसं नही?”

सगळ्या गावाला पाणी आणि एकट्या अक्कांनाच नाही, यावर हशा पिकला. अक्का खाली बसल्या. घाट मंजूर झाला.

नोकरीची भीती होती म्हणू? खरं सांगायचं तर त्या क्षणी नोकरी आठवलीसुद्धा नाही. चारचौघांत माझा कागद खोटा ठरेल, याचीच लाज वाटली. म्हणून मी त्यांना खोटं पाडलं.

पुढे दोन नंबर आटली, मग पाच. मी विहिरी बदलत गेलो. आज त्या गावाला टँकर लागतो. माझ्या अहवालांत मात्र पाचही विहिरींना पाणी आहे.

गेल्या वर्षी अक्का भडगावच्या बाजारात दिसल्या. मी नजर चुकवून निघालो होतो, पण त्यांनीच मला गाठलं. आवाज पार खाली गेलेला.

“भाऊ, त्या दिन मन्ही चूक व्हयनी. म्हतारपन, वरीसना घोळ व्हयना. राग धरू नको.”

म्हणजे इतकी वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या — आपली आठवण फसली आणि आपण एका सरळ माणसाला भर सभेत खोटं पाडायला निघालो म्हणून. त्या माझ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. आजूबाजूला ओळखीचं कुणीही नव्हतं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी?

मी म्हणालो, “जाऊ द्या अक्का. होतं असं कधी कधी.”

त्यांना हायसं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.