वोफा अडोमाको आणि काढलेलं कुलूप

माझ्या आईने वोफा अडोमाकोला बांधून घातलंय, असं आमच्या अख्ख्या असाफो वस्तीत बोललं जायचं. कोपऱ्यावर भात विकणारी बाई तर छातीठोक सांगायची: आमच्या प्रेसच्या मागच्या खोलीत काळी पेटी आहे, तिला लाल दोरा आहे, आणि तो दोरा आहे तोवर हा माणूस कुमासी सोडू शकत नाही. तीनदा गाडीतळावरून माघारी आलेला तिने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

तीनदा आला हे खरं. बाकी सगळं थापा. लाल दोरा म्हणजे वायरीला गुंडाळलेली चिकटपट्टी, आणि काळी पेटी म्हणजे आमचा सर्व्हर. आम्ही मयताची पोस्टरं आणि अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिका छापतो. सगळ्या फायली त्या पेटीत. कुठल्याही संगणकावरून कुणालाही त्या उघडता याव्यात म्हणून तिच्यात एक प्रोग्राम अहोरात्र चालू असतो. तो वोफाने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अडोमाकोमामाने, बसवला. सेटिंगची फाइल त्याने ओळ न ओळ हाताने लिहिली, आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात.

आधी त्यात कुलूप होतं. एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला ती नुसती दिसायची, बदलता यायची नाही. पण आमचा न्यारको फाइल उघडी टाकून फुफू खायला जातो, आणि त्याचं फुफू दीड तास चालतं. तोवर त्याच फाइलवर काम असलेली ओफोसुआ हात चोळत बसायची, गिऱ्हाईक ओरडायचं, मग आई ओरडायची.

"अडोमाको, काढ ते कुलूप. माझ्याच प्रेसमध्ये माझ्याच माणसांना कुलूप?"

"मॅडम, काढलं तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच राहील. दुसऱ्याचं काम पुसलं जाईल."

"मग तू बस ना लक्ष ठेवायला."

तो बसला. याला पाच वर्षं झाली. कुलूप काढलं आणि स्वतःच कुलूप होऊन बसला. न्यारको नाकातून विचारणार, "वोफाऽ, ती म्हातारीची उघडू काऽ?" ओफोसुआ काडी मोडल्यासारखी म्हणणार, "माझ्याकडे आहे." आणि वोफा मान वर न करता, "न्यारको, थांब. ओफोसुआ, झालं की सांग." दिवसातून दोनशे वेळा. तो उठला की तासाभरात कुणीतरी कुणाचं तरी पुसतं. बहिणीच्या लग्नाला निघाला तर गाडीतळावर फोन: मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या जावयाचा फोटो छापला गेलाय. परत आला. पुढच्या दोन वेळाही असंच. खोलीला दार आहे, दाराला साधी कडीसुद्धा नाही, पण त्यातून बाहेर पडणं त्याला काही जमायचं नाही.

मग माम्पोंगला, बायकोच्या माहेरी, त्याला शुक्रवारी मुलगी झाली. पहिलीच. आठव्या दिवशी पहाटे बापाने नाव ठेवायचं. तोवर ते बाळ घरात नुसतं पाहुणं. आठवा दिवस म्हणजे पुढचा शुक्रवार, म्हणून गुरुवारी संध्याकाळची गाडी गाठायलाच हवी. आणि इकडे अंत्यविधी शनिवारीच होतात, त्यामुळे गुरुवारी आमच्याकडे श्वास घ्यायला उसंत नसते.

गुरुवारी त्याची पिशवी दाराशी होती. वर नवं पांढरं कापड, खाली जिनची बाटली. मी म्हटलं, वोफा, पैज. आज तुम्ही निघालात तरी पहिल्या फोनला परत याल. हरले तर आठवडाभर तुम्हाला तळलेली तिखट केळी माझ्याकडून. तो म्हणाला, "आलं जास्त घालायला सांग."

त्या दिवशी ओपान्यिन दाको नावाच्या म्हाताऱ्याची पुस्तिका होती. त्याला विधवा दोन. म्हाताऱ्याचे भाचे, आमच्यात वारस तेच, न्यारकोला गाठून म्हणाले, धाकटीचं नाव काढ. धाकटी ओफोसुआपाशी बसून म्हणाली, घाल. हा काढी, ती घाली, आणि शेवटी सेव्ह करील त्याचं खरं. दोन वाजता वोफाने दोन्हीकडच्यांना आपल्या पडद्यासमोर उभं केलं आणि पुस्तिकेतली नातलगांची यादी मोठ्याने वाचली. भाच्यांनी खाकरत, धाकटीने डोळे पुसत, सगळ्यांनी होय म्हटलं. दोघी विधवा यादीत. तीन वाजता भाचे मागच्या दाराने पुन्हा न्यारकोच्या कानाशी.

न्यारकोने विचारलं, "वोफाऽ, एकच ओळ काढू काऽ?"

वोफाने मान वर केली. पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या नाव ठेवताना पोरीच्या जिभेवर पाण्याचा, मग जिनचा थेंब ठेवून मी सांगणार, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. आणि आज इथे बसून हे करू?"

सगळ्यांनी होय म्हटलेली यादी त्याने पुन्हा सेव्ह केली, सेटिंगची फाइल उघडली, एक ओळ बदलली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. पिशवी उचलली. मला म्हणाला, "छापून घ्या," आणि गेला.

न्यारकोने नाव काढलं, सेव्ह दाबलं. परवानगी नाही. ओफोसुआने दाबलं. परवानगी नाही. सगळ्या फायली दिसत होत्या, छापता येत होत्या, पण कुणाला स्वल्पविरामही हलवता येईना. वेगळी प्रत करूनही भागेना, कारण छपाईचं यंत्र फक्त त्या पेटीतलंच छापतं. पेटी बंद करावी तर यंत्रच बंद. भाच्यांनी टेबलावर मूठ आपटली.

आईने शांतपणे फोन काढला. "चौथ्यांदा येईल," ती म्हणाली. मीही मान हलवली, कारण माझी केळी वाचणार होती.

फोन वाजला. मागच्या खोलीत. काळ्या पेटीवर, लाल चिकटपट्टीशेजारी, व्यवस्थित चार्जिंगला लावलेला.

पुस्तिका दोन्ही विधवांसकट छापली गेली. मुलीचं नाव वोफाने स्वतःच्या तोंडाने ठेवलं. सोमवारी तो आला, तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "ती ओळ आधी पूर्वीसारखी कर." त्याने केली. सात दिवस मी त्याला केळी नेऊन दिली, आलं जास्त घालून, आणि सातही दिवस त्याने ती त्याच खुर्चीत बसून खाल्ली. मध्येच हात वर करून म्हणायचा, "न्यारको, थांब."