बाळापूरचा बाजेवाला

साक्षीपुरावा नसला तर मी सख्ख्या भावाचंही खरं मानत नाही... वकिलीचा धंदाच तसा! भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर उलटतपासणीच घेत आलो. त्यामुळे हे लिहिताना मनातून ओशाळलोच आहे. पण घडलं ते घडलं — अमरावतीत, आमच्या ओसरीवर, भर दिवसा.

कापसाच्या तेजीचे दिवस. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. शेतीचा भाव वाढला तशी बांधावरची भांडणंही वाढली, म्हणजे आम्हा वकिलांची चंगळच! त्यात एक कापूसवाला साहेब विलायतेला परत निघाला, आणि त्याच्या सामानाच्या लिलावात मी चक्क पियानो घेतला. बायकोसाठी.

आमचं कुटुंब पुण्याचं. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की हिच्या कपाळाला आठ्या. "इथली माणसं बोलतात की भांडतात हो?" ऊन सोसवेना, शेजार रुचेना. दसऱ्याला भाऊ न्यायला येणार होता, आणि गेलेली ही परत येईल याची मला खात्री नव्हती. रात्र रात्र झोप लागत नसे मला.

हिचे वडील पुण्यात एका साहेबाकडे कारकून होते. साहेबाची मडम पियानो वाजवायची आणि ही लहानगी खिडकीखाली उभी राहून ऐकायची. गाणं निम्म्यावर आलं की वडिलांची हाक यायची — चल घरी! ते अर्धं गाणं ही अजून गुणगुणायची. "हे पुरं वाजवता आलं ना, तर मी कुठंही सुखानं राहीन," असं एकदा म्हणाली होती. बस्स, मी तेवढंच धरून बसलो.

पियानो आला खरा, पण शिकवणार कोण? एलिचपूरच्या छावणीतला बँडवाला आला. त्याने तो असा बडवला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. मग अकोल्याहून एक गवई आले. दोन पट्ट्या दाबून म्हणाले, "ह्यात मींड निघत नाही, सूर सुरावर घसरत नाही. मुकं जनावर आहे हे." आणि पोटभर जेवून गेले. शेवटी बाळापूरच्या एका अशिलाला म्हटलं, "बाबा रे, तुमच्याकडे कोणी चांगला बाजेवाला असेल तर धाडून दे."

चार दिवसांनी दारात एक म्हातारा उभा. खांद्यावर अंबाडीच्या दोरीचं भेंडोळं.

"बाज कोठी हाय, वकीलसायेब? बाळापूरवरून विणायले आलो."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे बाजा वाजवणारा तो बाजेवाला, आणि बाज म्हणजे खाट विणणारा तोही बाजेवालाच! ही तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. किती महिन्यांनी हसली म्हणून सांगू!

म्हातारा मात्र सरळ पियानोपाशी गेला. झाकण उचलून आत डोकावला.

"हे बी बाजच हाय की! लोखंडी दोऱ्यायची. सैल पडली हाय."

आत एक किल्ली पडलेली होती. ती कशाची, मला ठाऊक नव्हतं. त्याने ती घेतली आणि दुपारपर्यंत कान लावून एकेक तार पिळत बसला. मग हिला म्हणाला, "बसा बाई. कोनतं गानं याद हाय?"

हिने गुणगुणलं आणि निम्म्यावर थांबली. म्हाताऱ्याने पुढचं निम्मं वाजवून दाखवलं...



त्यानंतर रोज सकाळी तो यायचा. मी शेजारीच कागद चाळत बसे. आळीत कुजबूज झाली. होऊ दे म्हटलं. "दोन घरं सोडा, एक धरा... बोटं कावून आखडून राहिल्या, बाई? दोरी चावते काय?" आणि आमची पुणेकरीण निमूटपणे म्हणायची, "बरं, बाबा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाणं पुरं बसलं. मी मेहनताना विचारला, तर म्हणाला, "मी काय बाज विणली?" घोटभर पाणी प्यायला आणि गेला.

मेहुणा आला तेव्हा ही वाजवतच होती. रस्त्याने चाललेली एक मडम बग्गी थांबवून थेट ओसरीवर आली, शेवटपर्यंत सोबत गायली आणि डोळे पुसत म्हणाली, "ये हमारे गाँव का गाना! पूरा ठीक बजाया!" हिने भावाला श्रीखंडपुरी वाढली आणि सांगितलं, "दादा, तू जा. मी इथंच बरी आहे." लाज सोडून लिहितो — आत जाऊन मी एक उडी मारून घेतली.

तिसऱ्या दिवशी बाळापूरचा अशील एका तरण्या माणसाला घेऊन हजर.

"माफी करा, वकीलसायेब. याले हिवताप आल्ता, म्हणून उशीर झाला. हा आमचा बाजेवाला."

"अरे, मग तो म्हातारा?"

"कोनता म्हातारा? आमी त कोनालेच नाई धाडलं जी."

मी स्वतः बाळापूरला जाऊन किल्ल्यापासून बाजारापर्यंत विचारलं. असा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. पियानोवाल्या कापूससाहेबाकडचा जुना चाकर असावा म्हणावं, तर त्याच्या नोकरांनीही कानावर हात ठेवले. घाबरेल म्हणून हिला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणते कशी, "भीती कसली? माझे गुरू आहेत ते."

याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी उलटतपासणी अजून संपलेली नाही. दर गुरुपौर्णिमेला ही हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन ओसरीवर येते आणि मला विचारते, "अहो, कोणापुढे ठेवू?"